पडद्याच्या कडेला पोचलेला पक्षी

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते लहानपणीच डोक्यातून काढून टाकलेलं. "आंधारात दिसतं ते कुनाच्या तरी हाताचंच असतं, पोरी," म्हणायचे. मासिकातले असले अनुभव मी वाचते, पण हसून पान उलटते. हा मात्र माझ्यासमोर घडला, म्हणून लिहून ठेवते आहे. शिक्षण चौथीपर्यंतच, तेव्हा जसं आठवतं तसं.

आबा तंबूतल्या सिनेमात कामाला होते. मिरजगावच्या आसपासच्या जत्रांना तंबू जायचा. एक रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत आबा त्यांच्या वेगळ्या दिव्यावर काचा दाखवायचे — स्वतः रंगवलेल्या. विडीची जाहिरात, चहाची, ‘शांतता राखा’. काचा संपल्या आणि रीळ अजून चढलं नसलं, की कोऱ्या उजेडात दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून हातांचा पक्षी करायचे. आम्हा बायकांची बसायची जागा पडद्याच्या मागच्या बाजूला. तिथून सगळं उलटं दिसायचं, पण पक्ष्याला काय उलटं-सुलटं! आबांचं एक बोट मशीनच्या पंख्यात अर्धं गेलेलं, त्यामुळे पक्ष्याच्या एका पंखात फट दिसायची. तो उडत उडत पडद्याच्या कडेकडे निघायचा, आणि पोचायच्या आत सिनेमा सुरू व्हायचा. सगळा तंबू खूश, मी एकटी हिरमुसलेली.

परत जाताना मी आबांना विचारायचे, "आज तरी पोचला का घरी?"

"उद्या पोचंल की," आबा म्हणायचे.

मी चौथीत असताना आबा तंबूबरोबर लांबच्या एका जत्रेला गेले ते आलेच नाहीत. तिकडेच तापाने गेले. माझी शाळा सुटली. पक्षी मधेच राहिला.

गेल्या हिवाळ्यात भाची पल्लवी पुण्याहून आली. ती नाटकांना, गाण्यांना उजेडाची चित्रं करते. भंडारदऱ्याला एका जुन्या गोदामात जॅझचा कार्यक्रम होता, तिचा स्वतःचा असा पहिलाच. या संगीतात म्हणे आधी काही बसवलेलं नसतं. एकाने काही काढलं की दुसऱ्याने त्याची थट्टा करायची, लपाछपी खेळल्यासारखं. चित्रंही तशीच हवी होती, त्या वेळी सुचतील ती. तिला माझ्या तंबूच्या गोष्टी आठवल्या, आणि चित्रं करायला तिने मलाच बोलावलं. मी घरात ब्लाउज शिवणारी बाई, चार माणसांत बोलायचं तर घाम फुटतो. पण अंधारात बसायचं होतं, म्हणून हो म्हणाले.

माझ्या स्वयंपाकघरातच आम्ही करून बघितलं. खालून उजेड येणारा जुना प्रोजेक्टर, त्यावर काचेची बशी, बशीत पाणी, तेल, शाई, फुटक्या बांगड्या. बशी हलवली की भिंतीवर रंग पळायचे. पडदा मधोमध टांगून दोन्ही अंगांना माणसं बसवू, असं मी सुचवलं.

पल्लवी बघतच राहिली. "मावशी, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं?"

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. सॅक्सोफोन वाजवणारा डेन्झिल माझ्या रंगांना चिडवल्यासारखं वाजवायचा, मी ड्रमच्या ठोक्यावर बांगडीचा तुकडा नाचवायचे. माणसं गाद्यांवर लोळून हसत होती. मलाही मजा यायला लागली... आणि तिथेच घात झाला. तेलाऐवजी बशी धुवायच्या साबणाच्या पाण्याची बाटली हातात आली. सगळे रंग एकमेकांत मिसळून पडद्यावर नुसता गाळ. पोरीचा पहिला कार्यक्रम मी बुडवला, एवढंच डोक्यात. बशी उचलून मांडीवर घेतली. पडदा कोरा पांढरा झाला.

डेन्झिल थांबला नाही. एकच सूर धरून राहिला, वाट बघत.

त्या कोऱ्या उजेडात पक्षी आला. एका पंखात फट.

माझे दोन्ही हात बशीला होते. पक्षी डुलला, तसा डेन्झिलने सूर डुलवला. त्याने पंख झाडले, तसा ड्रम थरथरला. मग तो सावकाश कडेकडे निघाला. आता कुणी दिवा लावू नये, काही सुरू होऊ नये, एवढंच मनात चाललं होतं. कडेशी जरा थबकला... आणि गेला पलीकडे. तेव्हा कुठे डेन्झिलने सूर सोडला. टाळ्या आधी पडद्याच्या मागच्या बाजूने आल्या.

नंतर डेन्झिल जवळ येऊन म्हणाला, "मावशी, पक्षी काय वेळेवर काढलात. पण एक पंख फाटका का ठेवला?"

पल्लवीकडे त्याचं चित्रीकरण आहे. पक्षी दिसतो, आणि प्रोजेक्टरपाशी मांडीवर बशी धरून बसलेली मीही दिसते. उजेडाच्या वाटेत दुसरं कुणी नाही. पत्र्याखाली पाकोळी शिरली असेल असं ती म्हणते, पण म्हणताना तिचाच विश्वास नसतो. दुसरं काही कारण असेल तर मला ठाऊक नाही, कुणी पटवून दिलं तर ऐकेन.

भूतखेत मी आजही मानत नाही. आबांचं तेवढं एक धरून आहे — अंधारात दिसतं ते कुणाच्या तरी हाताचंच असतं.