किलवणीला गेलेली तार

अर्णव, ईशा, १९८७ साली मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. पोस्टिंग उत्तरेतल्या एका फील्ड हॉस्पिटलला. घर सिल्वासात, तुमचे पणजोबा तिथे शाळामास्तर होते. माझी ड्यूटी सकाळी सातला सुरू होई. आधी टेम्परेचर, मग ड्रेसिंग, आठला राउंड.

सिपाही देवजी सिल्वासाजवळच्या किलवणी गावचा. त्याचा ट्रक दरडीखाली सापडला होता. मी सिल्वासाची हे कळल्यापासून तो मला सिस्टर म्हणेना, ताई म्हणू लागला.

"तुम्ही सिल्वासावाले, ताई. चढ आला की बसायला दगड शोधता."

"हलू नकोस. ड्रेसिंग चाललंय."

तिसऱ्या दिवशी त्याच्या किडन्या थांबल्या. साडेनऊला कर्नलसाहेब म्हणाले, "डेंजरसली इल लिस्ट. घरी तार करा."

"येस सर."

नियमाप्रमाणे इंग्रजीत तार गेली: प्रकृती गंभीर, नातेवाइकांनी यावे. आईला बोलावलंय, असं मी देवजीला सांगितलं. तेव्हापासून तो दाराकडे तोंड करून पडे.

आई आली नाही. आठव्या दिवशी दहा वाजता त्याच्या मामाचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तार पोहोचली, सुतक धरलंय, आता पोराच्या वस्तू पाठवाव्यात. किलवणीत जवानाच्या घरी तार म्हणजे मरणच. ती वाचून घ्यायला कोणी थांबलंच नव्हतं. मी त्याच भागातली. सोबत चार ओळींचं मराठी पत्र टाकायला मला सुचायला हवं होतं.

मी दुसऱ्या तारेचा फॉर्म भरायला घेतला.

"आई निघाली?" देवजीनं विचारलं.

"निघाली."

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो गेला. फॉर्म टेबलावरच होता. देवा, यातून तुला काय साधायचं होतं, असं मी मनात विचारलं. बाराला पुढच्या बेडचं इंजेक्शन होतं. ते दिलं.

महिन्यानं रजेवर आले आणि त्याची ट्रंक घेऊन सिल्वासाहून बसनं किलवणीला गेले. त्याच्या आईला सगळं सांगितलं. तार गेली तेव्हा तो जिवंत होता, तेही. तिनं ट्रंक जवळ ओढली.

"मग ते पाच दिवस त्याच्यापाशी कोण होतं?"

"मी."

"तू कुठली, बाय?"

"सिल्वासाची."

"म्हणजे आपलं बोलणं बोलत होता."

"हो. माझी थट्टा करायचा."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "इतक्या लांब देवानं आपलं माणूस आधीच नेऊन ठेवलं होतं. आणि मी महिनाभर त्या देवालाच शिव्या घातल्या."

तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

देव असं का होऊ देतो, हे तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मला माहीत नाही. फौजेत पोस्टिंगची ऑर्डर येते, कारण कोणी कळवत नाही. आपण जातो आणि समोरचा बेड सांभाळतो. माझी त्या वॉर्डातली ऑर्डर कोणी काढली होती, ते मला त्याच्या आईनं सांगितलं.

आता तीही नाही. सकाळी दिवा लावताना मी दोघांची नावं घेते. तिचं जानकी. त्याचं सिपाही देवजी, वय बावीस.