धूर ओढणारा पंखा

माझ्या हातची भाकरी कधी धड झाली नाही. तव्यावर पडली की एका कडेनं चिरायची आणि फुगायचं सोडून रुसून बसायची. हे आधीच सांगून टाकते, कारण साताऱ्यातली आमची खानावळ ज्या माणसाच्या जिवावर चालली ते माणूस मी नव्हते. ती माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात वडूजकडच्या आमच्या रानात काही म्हणता काही पिकलं नाही. थोरले दीर आदल्याच वर्षी लढाईत गेले होते आणि माझा नवरा फौजेत, लांब कुठंतरी. आम्ही दोघी जावा साताऱ्याला आलो, एसटी स्टँडाच्या मागच्या बोळात दोन खोल्या घेतल्या आणि खानावळ काढली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत चुली. वाढायला आणि भांडायला मी. आक्कानं एकच अट घातली होती.

"मी चुलीपशी बसीन, पर गावच्या कुनाला माजं त्वांड दिसता कामा न्हाई."

फौजी घरातली विधवा सून स्टँडावरच्या लोकांना भाकऱ्या थापून घालते हे गावात कळलं तर सासऱ्यांना मान वर करता येणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. खानावळ माझी आणि ती नुसती माझी पोरं सांभाळायला गेलीय, असं आम्ही गावात सांगून ठेवलं. मागच्या खोलीला बोळाकडे उघडणारी एक खिडकी होती, आणि आमच्या गावचा माणूस एसटीतून उतरला की त्याच बोळानं बाजारात जायचा. मी स्वतः हातोडा घेऊन त्या खिडकीला फळ्या ठोकल्या. मधल्या दाराला जाड गोधडी टांगली. केवढी शहाणी मी, असं तेव्हा वाटलं होतं.

खोलीला वर स्लॅब. एका चुलीवर कालवण शिजायचं, तिच्यावर जुनं विटांचं धुराडं होतं. भाकरीच्या चुलीला तेवढंही नव्हतं. दोन वर्षांत आक्काचा खोकला पुढच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांच्याही ओळखीचा झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, धुरात बसणं बंद करा, नाहीतर ही छाती कायमची जाईल. परत येताना ती शांतपणे म्हणाली, "मग मी गावाकडं जाती. ऱ्हाईन कोपऱ्यात बसून."

ती गेली तर खानावळ बंद पडेल, ही भीती होतीच. पण दीर गेल्यावर ती गावाकडे वर्षभर खरोखरच कोपऱ्यात बसून होती, कुणी वाढलं तर जेवायची. इथं चुलीपुढं बसल्यापासून ती हसायला लागली होती, मला नावं ठेवायला लागली होती. त्या कोपऱ्यात मी तिला परत जाऊ देणार नव्हते.

जेवायला येणाऱ्या एका एसटी ड्रायव्हरनं सांगितलं की सांगलीत एक मिस्त्री आहे, तो हॉटेलांच्या भट्ट्यांवर धूर ओढणारे पंखे बसवतो. मी कार्ड टाकलं आणि मिस्त्री आला. उतारवयाचा, कमी बोलणारा माणूस. भाकरीच्या चुलीवर त्यानं उलट्या सुपासारखा पत्र्याचा टोप टांगला, त्यातून नळी काढून बोळाकडच्या भिंतीतून वर बाहेर नेली आणि तोंडाला पंखा बसवला. त्या दिवशी खानावळ बंद होती, गोधडी काढलेली होती. त्यानं ओला पाचोळा पेटवून दाखवला, तर धूर सरळ टोपात गेला. निघताना म्हणाला, "वैनी, ती खिडकी तेवढी उगडी ठेवा."

"धूर काढाया पंखा आलाय न्हवं? मग खिडकी कशाला?" मी म्हणाले. त्याची सांगलीची गाडी सुटायला आली होती. तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोधडी खाली सोडली, दोन्ही चुली पेटवल्या, पंखा लावला. पंखा नुसता गुरगुरत होता. अर्ध्या तासात आम्हाला एकमेकींची तोंडं दिसेनात. कालवणाच्या धुराड्यातून धूर वर जायच्या ऐवजी खाली येत होता. आक्का खोकून खोकून भिंतीला टेकली, आणि संध्याकाळी मी तिला ट्रंकेत लुगडी भरताना पाहिलं. मी त्याच तिरीमिरीत मिस्त्रीला दुसरं कार्ड लिहिलं: पंखा काढून न्या आणि त्याच्या वाऱ्याला तुम्हीच बसा.

चौथ्या दिवशी तो आला. पाट मागून घेतला आणि दुपारचा सगळा स्वयंपाक होईपर्यंत आक्काच्या शेजारी धुरात बसून राहिला. डोळ्यांतून धारा लागल्या तरी उठला नाही. मग त्यानं उदबत्ती मागितली. मला वाटलं, आता हा पंख्याची पूजा करतो की काय. त्यानं पेटवलेली उदबत्ती गोधडीच्या कडेला धरली, तर तिचा धूर झपकन आत ओढला गेला. जुन्या धुराड्याखाली धरली, तर धूर खाली दबून खोलीत पसरला.

"बगा वैनी," तो म्हणाला, "जेवडा धूर भाईर काडायचा तेवडी हवा आत याया पायजे. तुमी सगळ्या वाटा बुजवल्या. मग पंखा त्या धुराड्यातनंच हवा वडतोय, धुरासकट."

धूर कोंडून ठेवणारी मीच होते, आणि शिव्या त्याला घातल्या होत्या.

"मग खाली जमिनीलगत भोक पाडा की," मी म्हणाले. पण बोळाच्या त्या भिंतीला लागून गटार होतं. बाकीच्या भिंतींना शेजाऱ्यांच्या खोल्या. राहिली खिडकी. मिस्त्री म्हणाला, "बारीक जाळी मारतो, त्वांड दिसनार न्हाई. पर म्हैन्याभरात काजळीनं बुजंल ती."

आम्ही दोघंही आक्काकडे बघायला लागलो. तव्यावर भाकरी होती. तिनं ती उलटली, शेकली, टोपलीत टाकली. मग पदरानं डोळे पुसले.

"जाळी नगं," ती म्हणाली. "मी काय चोरी केलीया? काडा फळ्या."

फळ्या मीच काढल्या, मीच ठोकल्या होत्या म्हणून. बोळातला उजेड आत आला तशी काळीकुट्ट भिंत दिसली आणि मला लाज वाटली. चुलीतला जाळ जरासा कलला. आक्कानं त्या बाजूला एक वीट उभी केली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. धूर टोपात चढत होता. खोकला काही त्याच दिवशी गेला नाही, पण दिवाळीपर्यंत पुष्कळ उतरला. ट्रंकेतली लुगडी दुसऱ्याच दिवशी परत दांडीवर आली.

तरी सुरुवातीचे काही आठवडे ती हनुवटीपर्यंत पदर ओढून बसायची. मग एका दुपारी आमच्या भावकीतले चुलत सासरे एसटीतून उतरून बोळानं चालले होते. भाकरीच्या वासानं असेल, ते खिडकीपाशी थांबले आणि आत बघितलं. मी मधल्या दारात होते.

"थोरल्या सूनबाई? तुमी हितं?"

आक्कानं पदर सावरला, पण या वेळी कपाळापर्यंतच. हात थांबला नाही.

"व्हय मामंजी. हितं मीच रांदती. भाकरी गरम हाय, आत या."

ते आत आले, पाटावर बसले आणि मान खाली घालून जेवले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. तोवर मी मनात गावाकडच्या सगळ्या बोलण्यांना उत्तरं जुळवत उभी होते. हात धुऊन ते बोळात गेले आणि पुन्हा खिडकीपाशी आले.

"ह्या खोलीत धूर कसा न्हाई गं, पोरी?"

"पंखा हाय न्हवं, मामंजी. आन खिडकी उगडी हाय."

त्यांनी वर टोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गावात कुनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगा," आक्का म्हणाली, "स्टँडामागं खिडकीत जी बाई दिसती, तिची खानावळ."

ते मान डोलावून बाजाराकडे गेले. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि धुरावर ढकलावं म्हटलं तर खोलीत धूरच नव्हता.