बॅटरीवाल्याचं किडेखाऊ झाड

अंबडच्या बसस्टँडजवळ इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. दोन वर्षं मी त्याच्याकडे जातोय, नाव कधी विचारलं नाही. त्याच्या टेबलावर एका कुंडीत किडे खाणारं झाड आहे. पानांवर दवासारखे चिकट थेंब असतात; त्यात डास अडकला की संपला. बोअरचं खारं पाणी त्याला सोसत नाही, म्हणून हा त्याला बॅटरीत भरायचं शुद्ध पाणी पाजतो. आधी झाडाला, मग गिऱ्हाइकाच्या बॅटरीला.

मे महिन्यात गेलो तर थेंब गायब, पानं काळी आणि कुंडीत चक्क शेव.

"मेलं की हो हे," मी म्हणालो.

"मेलं न्हाई सर, उन्हानं झोपलंय. पण लोकायला दम न्हाई. उपाशी हाय म्हणून शेव टाकून राह्यले. झोपलेल्याच्या तोंडात कोणी घास कोंबतं का?" तो चिमट्यानं एकेक शेव उचलत होता.

श्रावणात बॅटरी घेऊन पुन्हा गेलो. कुंडीत दोन लालसर पानं फुटली होती, एकावर डास तडफडत होता. घरी लाईट नव्हती, बायकोचे फोनवर फोन येत होते.

"जरा जल्दी करा," मी ओरडलो.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू, सर. तीन महिन्यांनी जेवायला बसलंय."

मे महिन्यात झाडाला मेलेलं ठरवणारा मीच होतो. फोन बंद केला आणि झाडाचं जेवण होईपर्यंत बसलो.