मंगलीबाईचे वीस मार्क

मुलचेऱ्याच्या पुढं डांबर संपते, तिथून चार किलोमीटर आत वीस-बावीस घरांचा एक टोला आहे. मंगलीबाई मडावी तिथली. पंचेचाळीसची असंल, नक्की तिलेच मालूम नाई. अंगानं काडी. लाकडं, पाणी, धानाच्या बांधीतलं काम, रोजचं आठ-दहा किलोमीटर चालणं तर असंच होऊन जाते. तिच्याबद्दल लिहून राह्यली कारण माझ्या हातानं तिच्या बाबतीत चुकलं आणि ते डोक्यातून जातच नाई.

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजचा शुगरचा सर्वे होता. बल्लारपूरहून आम्ही गेलो. कागदावर चार प्रश्न. वय किती, कमर किती, मेहनत किती, माय-बापाले शुगर होती का. धोका जितका जास्त तितके मार्क जास्त. साठ मार्क झाले तरच बोट टोचायचं, कारण मशीनच्या पट्ट्या मोजक्याच होत्या.

मंगलीबाईची कमर सहासष्ट सेंटीमीटर भरली. शून्य. मेहनत भरपूर, म्हणून तिथं पण शून्य. माय-बापाचं विचारलं.

"त्याइले कोणी टोचलंच नाई, पोरी. मी काय सांगू?"

कागदावर 'माहीत नाही'चा रकानाच नव्हता. मी 'नाही'वर टिक मारली. वयाचे वीस, टोटल वीस.

तिनं बोट तर पुढं केलंच होतं. सांगत होती, लघवीले घडी घडी उठा लागते, पाय भुईवर ठेवला तरी कापसावर ठेवल्यावानी वाटते. मी अर्धंच ऐकलं. पुढं अजून नऊ घरं होती. म्हटलं, बाई, तुम्ही एकदम फिट आहा, तुमाले गरज नाई.

तिचा नवरा दसरूभाऊ दारात बसून होता. म्हणाला, "हिले पोट नाई म्हणून सुई नाई भेटत. उद्यापासून चारदा जेवू घालतो."

सगळे हसले. मी पण.

मार्चमध्ये मोह पडते. त्याच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून भुई साफ करतात, म्हणजे फुलं दिसतात. आणि मोहाखाली चप्पल कोणी घालत नाई. खायची वस्तू पडलेली असते, तिच्यावर चप्पल कशी ठेवाची? मंगलीबाईनं पण दूरच काढली आणि अनवाणी वेचाले गेली. राखेखाली एक लाकूड धगधगतच होतं. तिचा पाय त्याच्यावर पडला आणि तिले समजलंच नाई. वेचतच राह्यली. दसरूभाऊले चामडं जळल्याचा वास आला, तो ओरडला, तेव्हा तिनं खाली पाह्यलं.

हे मले तिथल्या आशाताईनं, दुर्गाबाईनं, सांगितलं. मी सर्वेचे कागद परत तपासाले गेलती. तोवर सतरा दिवस झाले होते. मंगलीबाई पायाले हळद आणि पाला बांधून मोह वेचूनच राह्यली होती. दुखतच नाई तर घरी बसून काय करू, म्हणाली. फडकं सोडलं तर अंगठा आणि बाजूचं बोट काळं. मी कोणाले न विचारता बॅगेतून मशीनची पट्टी काढली आणि टोचलं. चारशे बारा.

मग दोन दिवस नुसत्या गाड्या. एका दवाखान्यात पट्टी केली आणि पुढं पाठवलं, दुसरीकडे ऑपरेशनवाले डॉक्टर नाई, शेवटी चंद्रपूर. दसरूभाऊ प्रत्येक दारात एकच विचारे, "पाय राहीन ना?" मी म्हणे, राहीन. मले काय मालूम होतं.

पाय राह्यला. दोन बोटं गेली.

आठ दिवसांनी वॉर्डात भेटाले गेली. उशाशी तिची लेक स्वाती बसली होती, बावीस वर्षांची, मायसारखीच काडी. मंगलीबाईनं बस म्हणायच्या आधी विचारलं, तो कागद आहे का? बॅगेत होता.

"आता कर बेरीज."

मी केली. वय तेच. कमर अजून कमी झालेली. मेहनत, माय-बाप, सगळं तेच.

"किती?"

"वीस."

ती पायाच्या पट्टीकडे पाहत राह्यली. "म्हंजे आताबी सुई नाई मले."

दसरूभाऊ खिडकीजवळ होता. पुढं येऊन त्यानं तिच्या पायावर चादर ओढली. मले रडू आलं तर तिनंच हात हलवला, राहू दे म्हणून. दमली होती. माझं रडणं पाहाचीही ताकत नव्हती तिच्यात.

जराशानं म्हणाली, "हिच्या कागदावर तर आता मायचं 'हो' येते ना?"

"येते. पण साठ नाई होत, बाई. दहाच होतात."

"कागद ठेव तिकडं. टोच हिले."

बॅगेत मशीनच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. त्यांचा हिशोब कॉलेजले द्याचा होता, देईन काहीतरी. स्वातीनं बोट पुढं केलं. पाच सेकंद लागतात मशीनले.

एकशे अठरा. ठीक होतं. मंगलीबाईनं तो आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, मग भिंतीकडं तोंड करून झोपली.