अनेरकाठी बसलेली कानबाई

माझ्या वडिलांची सारी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात गेली. होते स्टोअरमध्ये, पण बोलायचे असे की जणू टर्बाइन त्यांच्याच हुकमावर फिरतं. त्यामुळे माझी जुनी गाडी यावलच्या पुढे वाफा टाकून उभी राहिली, तेव्हा सगळ्यात आधी तेच उतरले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गरम झायी गई." एवढं मलाही दिसत होतं.

श्रावणातला रविवार होता, आमच्या खानदेशातल्या कानबाईदेवीच्या सणाचा. आई मागच्या सीटवर लाल कापडात गुंडाळलेला नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तो नारळच आमची कानबाई. पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या घरी राहतो. दरवर्षी शिरपूरहून काका भुसावळला येत, कानबाई बसायची, म्हणजे नारळ नटवून चौरंगावर मांडला जायचा, मग सगळे एका पंगतीला जेवत. यंदा काका खाटेवर होते. हिवाळ्यात अर्धांगवायू झाला आणि डावी बाजू गेली. त्यात शुगर. तरी माणूस हट्टी. कानबाई बसून नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, हा त्यांचा नेम, आणि तो ते मोडायला तयार नव्हते. डॉक्टरांनी काकूला बजावलं होतं की उपाशी राहिले तर जिवाशी गाठ आहे. तेव्हा आईनेच ठरवलं, "त्याले येवाय नही, तं कानबाईच जाई त्यानाकडे." भाऊ पुण्याला नोकरीत अडकलेला, म्हणून गाडी चालवायला सासरहून आलेली मी. शिवाय दिवेलागणीच्या आत कानबाई बसलीच पाहिजे, ही आमच्या घरची रीत.

मला रीतभात आवडत नाही असं नाही, पण रिकाम्या पोटी खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याचा विचार आला की माझं डोकं फिरतं. बॉनेट उघडून मी कानबाईवर, काकांवर आणि गाडीवर सारखीच चिडले होते.

बाजूच्या कापसात बाया निंदत होत्या. एकीने आईच्या मांडीवरचं लाल कापड पाहिलं, विळा खाली टाकला, चपला काढल्या. मग बाकीच्याही आल्या. "कानबाई शे का वो माय?" त्यांनी प्यायच्या पाण्याची कळशी आणून रेडिएटरमध्ये ओतली. ओतण्याआधी प्रत्येकीने ओंजळभर पाणी नारळासमोर सोडलं. उन्हात त्यांना दिवसभर पुरवायचं पाणी होतं ते. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिले, माझ्याकडे कोणी लक्षच दिलं नाही.

अडावदजवळ इंजिनाचा पट्टा तुटला. गॅरेज बंद. शेजारच्या टपरीवाल्याने मेकॅनिकला फोन लावला, तर तो नुकताच अंघोळ करून, नवा सदरा घालून घरच्या कानबाईच्या तयारीत. तरीही आला. आधी नळावर हात धुऊन नारळाला नमस्कार केला, मग हात काळे केले, आणि दुसऱ्या गाडीचा पट्टा काढून आमच्या गाडीला बसवला. वडिलांनी त्याला तीन सूचना दिल्या. तो तिन्ही वेळा "हा, भाऊ" म्हणाला आणि स्वतःच्या मनासारखं करत राहिला. आई पूर्ण वेळ टपरीच्या बाकावर नारळ घेऊन बसून होती. लोक येत होते, वाकत होते, जात होते. पंक्चरच्या दुकानासमोर देऊळ उभं राहिल्यासारखं वाटलं मला, आणि माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

चोपडा मागे पडला. अनेर नदी जवळ आली, तसा क्लच पायाखाली गेला आणि परत वर आलाच नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावली. उजवीकडे सातपुडा होता, निळा आणि जवळ. सूर्य कलला होता. चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, निघतो, पण येऊन तुम्हाला घेऊन परत जाईपर्यंत अंधार पडेल. मागून काकूचा आवाज आला, त्यांना घाम फुटलाय, पाणी घेत नाहीत. मला रडू आलं.

तेवढ्यात नदीकाठच्या वस्तीतून एक बाई आली. पन्नाशीची, कपाळभर कुंकू. वस्तीत तिला सगळे अक्का म्हणत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, "आते कथा जाशात? आठेच बसाडा तिले." मी चुलतभावाला कळवलं, कानबाई इथेच बसवतोय.

अक्काच्या घरात त्यांची कानबाई चौरंगावर नटून बसलेली होती. शेजारी दुसरा पाट आला. नथ आली, कण्हेरीची फुलं आली, आईच्या नारळाला नवं लुगडं आलं. दिवे लागायच्या आत आमची कानबाई बसली. दोन कानबाया एका भिंतीशी, एकीचं तेज दुसरीवर पडलेलं. मी देवभोळी नाही. पण त्या खोलीत माझे हात आपोआप जोडले गेले, आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, पीठ आईने डब्यात आणलंच होतं. घरातल्या पुरुषामागे मूठ-मूठ गहू मोजून दळलेलं. अंगणात वेगळी चूल पेटली. त्यांचा रोट आत, आमचा बाहेर. पोळ्या होत आल्या असतील, तोच रस्त्यावर पिकअपचे दिवे दिसले. मागच्या हौद्यात खाट. खाटेवर काका. दोन्ही बाजूंनी पोरांनी धरलेले, अंगावर चादर, तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र लख्ख. काकू समोरून उतरत म्हणाली, "ऐकंच ना. म्हने, कानबाई अडकनी, तं मीच येस."

खाट अंगणात उतरवली. वडील धाकट्या भावाच्या पायाशी बसले आणि ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. सारी वस्ती गोळा झाली होती.

नैवेद्य दाखवला. ताटं मांडली. आता आमच्यात कडक नियम असा की रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. जावयाला नाही, परक्याला नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. हा नियम सगळ्यात काटेकोर पाळायचे ते काकाच. अक्काचे मालक म्हणूनच लांब ओट्यावर जाऊन बसले होते. मीही चुलीजवळच थांबले.

काकांनी उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडला. पण तोंडात घातला नाही. ओट्याकडे पाहून हाक मारली. ते गृहस्थ गडबडले, "नाना, आमी काय तुमना भाऊबंद नही."

"जेना दारमा मनी कानबाई बसनी," काका अडखळत म्हणाले, "तो भाऊबंद नही तं कोन शे?"

तो तुकडा काकांनी त्या गृहस्थांच्या हातावर ठेवला. त्यांनी खाल्ल्यावर मगच काकांनी दुसरा मोडला आणि दिवसभराचा उपास सोडला. काकूने डोळ्यांना पदर लावला.

मग काकांची नजर चुलीकडे, माझ्याकडे वळली.

"तू काय देखी राहिनी, पोरी? ताट ले."

मी आईकडे पाहिलं. आई आधीच वाढत होती.