दाढीच्या क्रीमची जाहिरात
आज सकाळी माझ्या फोनवर पुन्हा दाढीच्या क्रीमची जाहिरात आली आणि मला शिवाजी पेठेतला आमचा जिना आठवला. शाळा फोनवर भरत होती तेव्हा वडिलांनी मला आणि माझ्याच वयाच्या चुलतभावाला एकसारखे फोन आणून दिले होते. दुपारी चटणीच्या मिरच्या भाजल्याचा ठसका जिन्यापर्यंत यायचा आणि आम्ही खोकत खोकत पायरीवर गेम खेळायचो. मध्येच जाहिराती लागायच्या. त्याच्या फोनवर फुटबॉलच्या गेमची, हिरवंगार मैदान आणि कान फाटतील असा गलका. माझ्या फोनवर एक रडकी नवरी, तिला मेकअप करून द्या म्हणे! आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडणारी मी, आणि मैदान मात्र त्याला. त्याच्या हातात ते हिरवं दिसलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. "मला का येत न्हाय रं?" मी विचारलं. तो दात काढत म्हणाला, "तू पोरगी हाईस की. तुला कशाला दाखवतील?" त्याच दुपारी मी फोनवरच्या माझ्या खात्यात 'स्त्री' काढून 'पुरुष' केलं. थोड्या दिवसांनी ते मैदान माझ्याही फोनवर आलं. मी त्याला ओढत आणून दाखवलं, त्याचं तोंड पडलेलं मनसोक्त बघितलं, आणि मग जाहिरात नीट पाहिली. त्या अख्ख्या मैदानात पोरगी एकच होती, गॅलरीत बसून टाळ्या वाजवणारी. तरीही ते 'पुरुष' मी अजून बदललेलं नाही. दाढीची क्रीम परवडली, ती नवरी परत नको.