तीनच्या खालचं अल्ब्युमिन

रत्नाकर भाऊजी प्रेमळ होते, असं मी म्हणणार नाही. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस. सुटा भाग मापात केसभर कमी भरला की लाल रंग फासून बाजूला. ओळखीपाळखीला भीक घालत नसत. घरी पोळीचाही काठ तपासतात, असं माझी बहीण, विनीताताई, चिडवायची.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं या माणसाचं मांस झडलं. अठ्ठ्याहत्तर किलोंचे एकोणपन्नास झाले. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन २.१ वर आलं आणि डॉक्टरांनी केमो थांबवली. "तीन हुआ तो देखेंगे," म्हणाले.

ताईचा जीव त्या तीनमध्ये अडकला. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून अंडी आणून गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडू लागली. भाऊजी दोन घास खात आणि ओकत. आकडा हलेना. शेवटी मीच नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात ओळख काढली. अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवल्या आणि लगेच रक्त तपासायला दिलं. ३.१! ताई रडलीच. मला म्हणाली, "बाटल्यांचं डॉक्टरांना सांगू नको हं."

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून केमोची तारीख लिहायला पेन उचललं.

"रुकिए," भाऊजी म्हणाले. "ये माल पास मत कीजिए. बाहर से चढ़वाया है."

असा संताप आला मला! मरणाच्या दारातही यांची तपासणी चालूच!

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हा आजारच यकृताला ते प्रथिन बनवू देत नाही, वरून ओतलेलं टिकत नाही, अशा शरीराला केमो सोसलीच नसती, असं त्यांनी समजावलं.

"तो दो पॉइंट एक मतलब कितने दिन?"

"अंदाज ही है. कुछ हफ़्ते."

घरी जाताना ऑटोत ताईचा बांध फुटला. "तुम्हाला खरं पाहिजे होतं, मिळालं. मला काहून ऐकवलं? मी त्या तीनच्या आशेवर दिवस काढून राहिली होती."

भाऊजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "एकट्यानं ऐकायची हिंमत नव्हती, विनीता."

माझा राग तिथेच गळाला. पुढचे एकोणीस दिवस ताई त्यांच्या खाटेपासून हलली नाही.